तेरा आकडे

दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नाही. कुणाच्याच दाखल्यावर ते लिहीत नाहीत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातच तशी तरतूद आहे. नाव, आईवडिलांची नावं, तारीख, ठिकाण, नोंदणी क्रमांक, खाली निबंधकांची सही आणि शिक्का. मी पतसंस्थेत नोकरी करते, वारसांची कागदपत्रं वरचेवर माझ्या हातातून जातात, तरी ही गोष्ट कधी डोक्यात आली नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये वहिनींच्या सानुग्रह अनुदानाचा, म्हणजे कोरोनाने गेलेल्याच्या घरच्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज भरायला बसलो तेव्हा आली. माणूस कोरोनाने गेला हे अख्ख्या आळीला माहीत होतं. देह प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर स्मशानात नेला होता, आम्हाला फाटकापाशी उभं राहून बघू दिलं. दहाव्याला घरच्यांशिवाय कुणी आलं नाही. आणि आमच्याकडच्या एकाही कागदावर ‘कोरोना’ हा शब्द नव्हता.

दादा ३४ वर्षांचा होता. स्वतःचा छोटा हत्ती होता, हप्त्यावर घेतलेला. गावातला टोमॅटो, कोबी, फ्लॉवर पहाटे मार्केट यार्डात पोचवायचा. भाजीपाला अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे त्याची गाडी कधी थांबली नाही. ९ एप्रिल २०२१ ला अंगात कणकण आली, ११ ला तालुक्याला स्वॅब दिला, दुसऱ्या दिवशी फोनवरच पॉझिटिव्ह असल्याचं कळलं. १४ तारखेला रात्री दम लागायला लागला. त्याच रात्री आठपासून राज्यात ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध सुरू झाले होते. रस्ते मोकळे होते आणि आम्ही खाटेसाठी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत होतो. चौथ्या ठिकाणी जागा मिळाली. २४ तारखेला त्याची दुसरी चाचणी निगेटिव्ह आली, तेव्हा त्याला कोविड वॉर्डातून शेजारच्या अतिदक्षता विभागात हलवलं. आम्हाला वाटलं, सुटलो. २९ ला पहाटे तो गेला. रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचं जे प्रमाणपत्र दिलं, ज्याला फॉर्म ४ म्हणतात, त्यावर लिहिलं होतं: न्यूमोनिया, श्वसनक्रिया निकामी. शेवटची चाचणी निगेटिव्ह, म्हणून कोविड नाही.

वहिनी तेव्हा एकतीस वर्षांच्या, दोन मुली, थोरली आठ वर्षांची आणि धाकटी तीनची.

सरकारकडून त्या काळात काहीच आलं नाही असं मी म्हणणार नाही. १३ एप्रिलला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली होती. त्यातलं माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ आमच्या रेशन दुकानात खरोखर मिळाले. मे-जूनपासून केंद्राचं माणशी पाच किलो मोफत धान्यही सुरू झालं. डाळ-तेलाची ओढाताण होती, पण त्या घरात भाकरीची चिंता पडली नाही, आणि हे मी मुद्दाम लिहिते कारण रेशनवाल्याला शिव्या सगळेच घालतात. पण त्याच घोषणेतले दीड हजार रुपये परवानाधारक रिक्षावाल्यांना होते, नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांना, घरकाम करणाऱ्या बायकांना आणि फेरीवाल्यांना होते. मालाचा टेम्पो चालवणारा त्या यादीत कुठेच नव्हता. गाडीचे हप्ते मात्र चालू होते. ऑगस्टमध्ये वसुलीची माणसं येऊन गाडी घेऊन गेली. रुग्णालयाच्या बिलासाठी वहिनींच्या पाटल्या आणि आईची बोरमाळ सोनाराकडे गेली होती, ती तिथेच होती.

गावात तेव्हा चार लाखांची बातमी फिरत होती. कोरोनाने गेलेल्याच्या घरच्यांना सरकार चार लाख देतंय, फॉर्म अमक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, पन्नास रुपये. त्या अफवेला मूळ होतं, ते मला नंतर कळलं. १४ मार्च २०२० रोजी केंद्राच्या गृह मंत्रालयाने खरंच तसं पत्रक काढलं होतं, आणि त्याच दिवशी ते बदलून चार लाखांचा उल्लेख काढून टाकला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या. ३० जून २०२१ ला न्यायालयाने सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ खाली मदत द्यावीच लागेल, रक्कम किती ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावं. प्राधिकरणाने ५० हजार ठरवले, ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायचे, आणि ४ ऑक्टोबरला न्यायालयाने त्याला मान्यता दिली. महाराष्ट्रात शासन निर्णय निघाला २६ नोव्हेंबरला, त्यानंतर अर्जाचं पोर्टल सुरू झालं.

हे सगळं मला एका निरोपामुळे कळलं. सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती काम करत होती, त्या कामात असलेल्या एका ताईंचा तो मोबाईलवर फिरत आलेला निरोप. ‘विधवा’ नाही, ‘एकल महिला’ असं त्या म्हणायच्या. वहिनींनी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा दोनदा विचारला. निरोपात सरळ लिहिलं होतं: चार लाख नाहीत, ५० हजार आहेत. अर्जाला पैसे पडत नाहीत. एजंट गाठू नका. अर्ज बायकोच्या नावाने करा.

शेवटच्या वाक्यावर घरात भांडण झालं. आप्पांचं म्हणणं, कर्ज माझ्या नावावर, दवाखान्याचे पैसे मी उभे केले, तर अर्ज माझ्या नावाने. मी त्यांची मुलगी, माझ्या माहेरचं घर, तरी सांगितलं की बायको हयात असताना अर्ज तिचाच होईल. आप्पा म्हणाले, “तू सासरी गेलीस, आता हिची वकिली करायला आलीस?” वहिनी चुलीपुढे बसून होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. त्यांना माहेरी परत जायची वाट नव्हती आणि या घरात राहायचं तर आप्पांशी वैर धरून चालणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तो दिवस तसाच गेला.

अर्जासोबत स्वयंघोषणापत्र लागतं, बाकीच्या वारसांची हरकत नाही असं. आई वारस होती. हिंदू वारसा कायद्यात मुलगा गेला की त्याची बायको, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, वडील त्यानंतर. मी हे आप्पांना समजावत बसले नाही, आईला सांगितलं. आई काही शिकलेली नाही. कागद तिच्यापुढे धरला, वाचून दाखवला. तिने अंगठा शाईत बुडवला आणि उठवायच्या आधी म्हणाली, “पोरींच्या नावचं आहे ना?” मी म्हटलं, वहिनींच्या खात्यात येणार, पोरींसाठीच. तिने अंगठा उठवला आणि तोच शाईचा अंगठा पदराला पुसत आप्पांना म्हणाली, “झालं हो. आता त्यावर बोलू नका.” त्यानंतर आप्पा खरंच बोलले नाहीत. पुढे तालुक्याला जायला गाडीभाडंही त्यांनीच दिलं.

खातं होतं ते जनधनचं. २०२० च्या टाळेबंदीत एप्रिल, मे आणि जूनमध्ये पाचशे-पाचशे रुपये ज्या खात्यात आले होते तेच. आधार जोडलेलं होतं, त्यामुळे तिथे अडलं नाही. अर्ज मी रात्री घरीच भरला. आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचा तपशील, मृत्यूचा दाखला, फॉर्म ४. पॉझिटिव्ह अहवाल आमच्याकडे नव्हता, कारण तो फोनवरच कळला होता आणि त्या धामधुमीत कागद आणायला कुणी गेलं नव्हतं. शासनाकडे नोंद असेल तर अर्ज तिच्याशी जुळवून मंजूर होतो असं नियमात होतं, त्या भरवशावर अर्ज सोडला.

जानेवारीत निकाल आला: नामंजूर. वैद्यकीय कागदांवरून मृत्यू कोविडमुळे झाल्याचं दिसत नाही आणि पॉझिटिव्ह म्हणून नोंद आढळत नाही, असा त्याचा अर्थ. वहिनींना मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “वन्सं, म्हणजे हे म्हणतात तरी काय? त्यांना झालाच नव्हता?” मला उत्तर देता आलं नाही. पैशांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं होतं त्यांना. चौदा-पंधरा रात्री दवाखान्याच्या जिन्याखाली काढलेली बाई होती ती.

मग मी बसून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना नीट वाचल्या. आरोग्य मंत्रालय आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, यांनी ३ सप्टेंबर २०२१ ला त्या काढल्या होत्या. त्यात स्पष्ट आहे की चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो कोविड मृत्यू धरायचा, मग तो रुग्णालयाबाहेर झाला तरी. विषबाधा, खून, अपघात असली कारणं वगळली आहेत. मध्ये चाचणी निगेटिव्ह आली तर धरू नका असं त्यात कुठेही नाही. दादाची चाचणी ११ तारखेची, मृत्यू २९ चा. अठरा दिवस. आमची बाजू पक्की होती, फक्त ११ तारीख सिद्ध करायची होती.

पोर्टलवर तक्रार निवारण समितीकडे अपील करायची सोय होती. अपिलाला जोडण्यासाठी रुग्णालयातले केसपेपर हवे होते. पहिल्या खेपेला सांगितलं, रेकॉर्डचा माणूस रजेवर आहे. दुसऱ्या खेपेला, जुनं रेकॉर्ड गोडाऊनला आहे. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, वहिनींचा शेतातला दिवसाचा रोज बुडायचा तो वेगळाच. तिसऱ्या खेपेला मी दोन प्रतींत अर्ज लिहून नेला. रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात असा २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या विनियमांत नियम आहे, तो त्यात लिहिला आणि काउंटरवर म्हटलं, यावर पोच द्या. पोच हा शब्द उच्चारल्यावर समोरच्या मुलीने पहिल्यांदा मान वर करून बघितलं. शिक्का मारून दिला. तिसऱ्या दिवशी फोन आला, झेरॉक्स तयार आहेत. एकशे बारा पानं. त्यात १५ एप्रिलच्या सीटी स्कॅनचा अहवाल होता, फुप्फुसातल्या संसर्गाचा स्कोअर पंचवीसपैकी अठरा, आणि पहिल्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं की रुग्ण कोविड पॉझिटिव्ह म्हणून दाखल. नऊ महिन्यांनी तो शब्द आम्हाला कागदावर दिसला. बाकीची पानं मी वाचली नाहीत. ऑक्सिजनचे आकडे तासातासाला लिहिलेले असतात त्यात.

तरी चाचणीचा अहवाल हवाच होता. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात नुसत्या नावावरून सापडेना. तिथला ऑपरेटर पोरसवदा होता, पण मनापासून शोधत होता. तो म्हणाला, “मॅडम, एसआरएफ नंबर आणा. स्वॅब दिला की मोबाईलवर मेसेज यायचा बघा, तेरा आकडी. तो असला की लगेच निघेल.”

दादाचा मोबाईल वहिनींनी कपाटात, त्याच्याच शर्टाच्या घडीत ठेवला होता. रिचार्ज संपून सिम बंद पडलं होतं. चार्जिंगला लावला, सुरू झाला, आणि पडद्यावर नऊ ठिपके आले. पॅटर्न. वहिनींना माहीत नव्हता. त्यांनी त्याचा मोबाईल कधी उघडलाच नव्हता. पाच-सहा वेळा काही काही करून बघितलं, मग तो थोडा वेळ थांबा म्हणू लागला. थोरली दारात उभी राहून बघत होती. जवळ आली, वहिनींच्या हातातून मोबाईल घेतला आणि बोट वरून सरळ खाली आणून आडवं नेलं, मग तिरकं वर. उघडला. “मी गेम खेळायचे ना,” म्हणाली.

मेसेजमध्ये वरच हप्ता थकल्याच्या सूचना होत्या, एकाखाली एक. त्यांच्या खाली यार्डातल्या व्यापाऱ्याचा मेसेज, उद्या वीस क्रेट जास्त आहेत, लवकर ये. मग ११ एप्रिल. नमुना घेतला गेला आहे, आणि पुढे तो क्रमांक. २७ ने सुरू होणारे तेरा आकडे. मी ते कागदावर उतरवले, वहिनींनी माझ्या मागून एकेक आकडा मोठ्याने म्हणत ताडून बघितला. दोनदा. मग त्यांनी मेसेज आणखी वर-खाली केले नाहीत. मोबाईल बंद करून पुन्हा त्याच शर्टात ठेवला.

ऑपरेटरने तो क्रमांक टाकल्याबरोबर नोंद समोर आली. पॉझिटिव्ह. वय ३४ च्या जागी ४३, आणि नाव-आडनावाची जागा उलटी, त्यात आडनावातलं एक अक्षर गाळलेलं. एवढ्यावरून माझा भाऊ सरकारच्या यादीत कोरोना झालेला माणूस उरला नव्हता. ज्याने ते टाइप केलं त्याला मी दोष देत नाही. त्या आठवड्यांत तिथे रोज किती नमुने यायचे ते आम्ही रांगेत उभं राहून बघितलं आहे, पीपीई किटच्या दोन-दोन हातमोज्यांतून पोरं कीबोर्ड बडवत होती. माझा राग आहे तो पुढच्या टप्प्यावर. चूक नोंदीत झाली, ती नोंद सरकारजवळ, चाचणी सरकारी, मृत्यूची नोंदही सरकारदरबारी. मोबाईल नंबर मात्र तिन्ही ठिकाणी एकच होता. जुळवायचंच असतं तर त्यावरून जुळवता आलं असतं. त्याऐवजी ते जुळवण्याचं काम एकतीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या बाईवर टाकलं गेलं, आणि तिला पतसंस्थेत कारकुनी करणारी नणंद नसती तर ती कुठवर पोचली असती?

फेब्रुवारीत जिल्ह्याच्या ठिकाणी समितीपुढे बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखे वीस-पंचवीस जण होते, जवळपास सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची फाइल किंवा पिशवी. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक कारणांवरून अर्ज फेटाळू नका असं राज्यांना बजावलं होतं, ती बातमी एकीने कात्रण करून आणली होती आणि ते कात्रण हातोहात फिरत होतं. आत महसूलचे अधिकारी होते, सरकारी डॉक्टर होते. डॉक्टरांनी कागद शांतपणे बघितले. मग वहिनींना विचारलं, “निगेटिव्ह आल्यावर किती दिवसांनी गेले?”

मी बोलणार होते. वहिनीच बोलल्या. “पाच दिवसांनी, साहेब. पण ऑक्सिजन त्यांचा एक दिवसबी काढला नव्हता.”

डॉक्टरांनी मान हलवली. फाइलवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. हा कोविडचाच मृत्यू आहे.” एवढं मोजकं वाक्य. वहिनी बाहेर आल्या आणि बाकावर बसून हमसून रडल्या. पैसे मंजूर झाले की नाही हे त्यांनी मला विचारलंच नाही. ते मी पोर्टलवर आठ दिवसांनी बघितलं.

मार्चमध्ये खात्यात ५० हजार रुपये जमा झाले. पासबुक भरून घेतलं तेव्हा वहिनींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि पाचशेच्या तीन जुन्या नोंदी कुठे आहेत त्या शोधल्या, त्या मागच्या पानावर होत्या. बावीस हजार सोनाराला देऊन पाटल्या सोडवल्या. आईची बोरमाळ नंतर सोडवू म्हणाल्या. सोसायटीचं थोडं फेडलं, थोरलीच्या नावाने दहा हजार ठेवले. बाल संगोपन योजनेत दोघी मुलींचे अर्ज एकल महिला समितीच्या त्या ताईंनी भरून घेतले होते, तेव्हा महिन्याला मुलामागे अकराशे मिळायचे. ते सुरू व्हायला आणखी वेळ गेला, पण झाले.

त्याच महिन्यात बातम्या आल्या की खोटी प्रमाणपत्रं जोडून काही लोकांनी हे पैसे लाटले, आणि न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांत पाच टक्के अर्जांची तपासणी करायला परवानगी दिली. तपासणी जरूर व्हावी. पण ज्यांनी खोटे कागद केले त्यांचे कागद पूर्ण असतात. अपुरे कागद खऱ्यांचेच निघतात, हे मी त्या बाकावर बसून बघितलं आहे.

न्यायालयाच्या त्याच आदेशात मुदतही होती. २० मार्च २०२२ पूर्वी झालेल्या मृत्यूंसाठी ६० दिवसांत अर्ज करायचा. मी वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या भांडी घासत होत्या. हात धुतले आणि म्हणाल्या, “वरल्या वाडीतल्या काकींनी केलाय का अर्ज?” काकींचे यजमान मे २०२१ मध्ये गेले होते. आम्ही संध्याकाळी चालत गेलो. काकींना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी काढली, त्यात मृत्यूचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक्सरे असं सगळं एकत्र कोंबलेलं होतं. मी एकेक कागद वेगळा करायला लागले. वहिनी त्यांच्याजवळ सरकून बसल्या.

“काकी, त्यांचा मोबाईल कुठाय? टाकून नाही ना दिला?”

“पोराकडं हाय. पुण्याला.”

“मग त्याला आत्ता फोन लावा,” वहिनी म्हणाल्या, “आणि सांगा, त्यातलं काय बी पुसू नको.”